नमुना घ्यायला नागपूरला

नागपूरला जाऊन आल्याला आता काही आठवडे झाले. जी माणसं तिकडे कधी गेली नाहीत त्यांना सांगण्यासारखं बरंच आहे, आणि येता-जाता मी ते सांगतेही. पण "तू गेली कशाला होतीस?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. इथे बदलणार नाही. ते वगळलं तर या प्रवासात खाणं आणि थंडी एवढंच उरेल.

मी मूळची सांगलीची. कॉलेजात अडथळ्यांच्या शर्यतीत धावायचे. विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले आणि तिथे गुडघ्याने दगा दिला. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, पण शाळेत कायमची नोकरी काही लागली नाही. तेव्हा आमच्या एका मॅडम म्हणाल्या, "अगं, खेळाच्या जगात राहायला खेळाडूच कशाला असावं लागतं? पंच असतात, मालिश करणारे असतात, आहार सांगणारे असतात. मागे शंभर माणसं राबतात तेव्हा एक जण पळतो." त्यांनीच मला एका प्रशिक्षणाला पाठवलं आणि त्यातून हे काम मिळालं.

काम असं. खेळाडूंनी उत्तेजक औषधं घेतली आहेत का ते तपासायला त्यांच्या लघवीचा नमुना घेतात. नमुना घेणारे अधिकारी बहुधा डॉक्टर असतात. खेळाडू बाई असेल तर तिच्याबरोबर एक बाई लागते, ती मी. तपासणीचं तिला कळवल्या क्षणापासून बाटलीला सील लागेपर्यंत ती माझ्या नजरेआड होता कामा नये. संडासातसुद्धा नाही. आत जायचं, दार लावायचं आणि समोर उभं राहून बघायचं, कारण फसवणारे लोक दुसऱ्याची लघवी लपवून आणतात. नियम बरोबर आहे. तो नसेल तर प्रामाणिक खेळाडूंचंच नुकसान. हे मला पटतं, मी ते दुसऱ्यांना पटवूनही देते. तरीही माझ्या सासरी आजवर "क्रीडा खात्याचं फिरतीचं काम" एवढंच माहीत आहे.

सीताबर्डी

नागपूर म्हणजे ऊन, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं की जानेवारीत निघताना मी एक सुती ओढणी तेवढी घेतली. स्टेशनाबाहेर पाऊल ठेवलं आणि दात वाजायला लागले. सांगलीची थंडी म्हणजे सकाळी जरा गोड वाटते आणि चहाबरोबर संपते. इथली थंडी दुपारी सावलीत उभी असते. डॉ. इनामदार, म्हणजे आमचे अधिकारी, पुण्याहून आले होते ते डोक्याला कानटोपी बांधूनच. माझ्याकडे बघून म्हणाले, "वैशालीताई, आधी स्वेटर घ्या. उद्या तुम्ही आजारी पडलात तर बाई कुठून आणू?"

सीताबर्डीच्या बाजारात रस्त्याच्या कडेला दोरीवर स्वेटर टांगून एक बाई बसली होती. मी चाळायला लागले तशी ती बोलायलाच लागली. नागपूरच्या माणसाचं हे मला फार आवडलं. आपल्याकडे दुकानदार आधी वस्तूबद्दल बोलतो. इथे तुमच्यापासून सुरुवात.

"कुठून आल्या जी?"

"सांगलीहून."

"अवं माय, एवढ्या दूरून! कायले?"

"लग्नाला," मी म्हटलं. विचार न करताच तोंडातून निघालं. इतक्या वर्षांची सवय.

"कोणाच्या?"

"भाचीच्या."

"मंग हा काळा कायले घेऊन राहिल्या? लग्नात काळा घालता का? हा मरून रंगाचा घ्या. फोटोत भल्ला दिसन."

मरून तर मरून. नसलेल्या भाचीच्या लग्नासाठी मी तो घेतला आणि तिथेच अंगात घातला. बाई इतकी खूश झाली की लग्न कुठल्या हॉलला आहे ते विचारायच्या आत मी तिथून पळ काढला.

संध्याकाळी लवकरच जेवायला बसलो. तिथलं झणझणीत सावजी मटण खाल्ल्याशिवाय परत येऊ नकोस, असं मला दोन-तीन जणांनी बजावलं होतं. डॉक्टरांनी स्वतःसाठी दहीभात सांगितला. मी मटण सांगितलं. वाढणारा म्हणाला, "मॅडम, रस्सा थोडा थोडा घ्या, कडक हाय." मी म्हटलं, "आम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे. तिखटाचं आम्हाला नका सांगू." रस्सा काळपट, वर तेलाचा जाड थर. पहिले दोन घास काहीच झालं नाही आणि मी डॉक्टरांकडे विजयाने बघितलं. आपल्याकडचं तिखट कसं, जिभेवर लगेच भेटतं आणि भांडून मोकळं होतं. हे तिखट आधी पोटात जाऊन बसतं आणि मग वर येतं, कानातून. मला उचकी लागली ती थांबेचना. वाढणारा न बोलता दह्याची वाटी ठेवून गेला. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

जेवण झाल्यावर डॉक्टरांनी उद्याचं नाव सांगितलं. नाव आम्हालाही आयत्या वेळीच कळतं. "पल्लवी गजभिये. चालण्याच्या शर्यतीतली आहे. वय बावीस. वाडीला राहते, अमरावती रोडवर. सकाळी घरी सापडेल."

चालण्याची शर्यत ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यात जितकं जोरात चालता येईल तितकं चालायचं, पण पळायचं नाही. एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे. त्यामुळे कंबर अशी काही हलते की बघणाऱ्याला हसू येतं. खेळ अत्यंत कष्टाचा, आणि दिसायला तो असा.

वाडी

सकाळी उजाडता उजाडता आम्ही भाड्याच्या गाडीतून वाडीला पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं आणि त्यांच्यासमोर ताडपत्र्या बांधलेल्या ट्रकांच्या रांगा. ड्रायव्हर लोक टमरेलं घेऊन तोंडं धूत होते, टपऱ्यांवर चहा उकळत होता आणि धुक्यातून हिंगण्याच्या कंपन्यांच्या बसगाड्या कामगारांना घेऊन चालल्या होत्या. एका गोदामामागे भाड्याच्या खोल्यांची रांग होती. मध्ये अंगण, अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ आणि टोकाला पत्र्याच्या दारांचे दोन संडास.

डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी थांबले. बाईमाणसाच्या घरी आधी मी जावं, असं ठरलं. दार एका बाईने उघडलं. साडीवर हिरवा स्वेटर, हाताला कणीक लागलेली. या पल्लवीच्या आई, शोभाताई.

"पल्लवी आहे का?"

"चालायले गेली ना. येतेच आता. तुमी कोण जी?"

"खेळाच्या ऑफिसकडून आलोय. तिलाच भेटायचंय."

याहून जास्त सांगायची परवानगी नसते. खेळाडू समोर आल्याशिवाय घरच्यांना कारण सांगायचं नाही. कुणी फोन करून सावध केलं तर ती परतच यायची नाही. म्हणून मी एवढंच बोलले. शोभाताई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पदराला पुसले आणि आवाज खाली आणून विचारलं, "नोकरीच्या कामानं आल्या का जी? पल्लवीनं खेळाडूंच्या भरतीचे ट्रायल देल्ले होते. घरी चौकशीले येतील म्हणे."

मी हसले.

हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसती हसले, जसं आपण तिऱ्हाइताच्या घरी अवघड प्रश्नाला हसतो तसं. पण शोभाताईंचा चेहरा असा उजळला की आपण काहीतरी करून बसलो हे मला त्याच क्षणी कळलं. तेव्हा "तसं नाही हो" म्हणायला काहीही हरकत नव्हती. कशासाठी आलो ते सांगायची बंदी होती, कशासाठी नाही ते सांगायची नव्हती. मी बोलले नाही.

"बसा ना जी, बसा. इथं नोका बसू, थांबा." त्यांनी खाटेवरची चादर काढली, कपाटातून घडीची नवी चादर काढून अंथरली आणि मला त्यावर बसवलं. खोली एवढीशी, पण आरशासारखी. कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, खिळ्याला पदकांचा घोस, खाली भिंतीशी ओळीने झिजलेले बूट. शोभाताईंनी फोन लावला. माझ्याकडे पाठ करून हळू बोलत होत्या, पण खोली केवढी! "अजी, ऑफिसच्या मॅडम आल्या पल्लवीच्या नोकरीच्या... हो ना, घरी बसल्या हायेत... येऊन जा तुमी."

पल्लवीचे वडील हिंगण्याला कंपनीत होते. सकाळच्या पाळीला. मी तो फोनही होऊ दिला.

मग पोहे आले. आपल्याकडे पोह्यावर खोबरं, कोथिंबीर, फार तर लिंबू. इथे पोह्यावर तर्री, म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात, वरून कच्चा कांदा आणि चिवडा. शेजारच्या बाईला धाडून त्यांनी ठेल्यावरून तर्री मागवली. आदल्या संध्याकाळच्या उचकीने मी घाबरत घाबरत पहिला चमचा घेतला, पण ही चव निराळीच होती. थंडीत अंगात ऊब पसरत गेली. नियमाप्रमाणे आम्ही कुणाच्या घरी काही खाऊ नये. शोभाताईंनी बाहेर पाठवलेला चहाही डॉक्टरांनी परत केला होता. मी मात्र ताटली संपवली आणि शोभाताईंनी पुन्हा वाढायला घेतलं तेव्हा "थोडेच" म्हटलं.

त्या समोर जमिनीवर बसून बोलत होत्या. "हिचे बाबा म्हणत, चालायचं बी मेडल असते काय? मी म्हणलं, आपल्या घरात सारे चालणारेच. माझी सासू चार कोस चालत कामाले जाय. हिले त्याचं मेडल भेटून राहिलं तर भेटू द्या ना! रस्त्यानं पोट्टे हिची नक्कल करत. आता नाही करत. पेपरात फोटो आला तेव्हापासून नाही करत." मग जरा थांबून, "नोकरी लागली म्हणजे ह्या खोलीतून निघू जी. तिले खायले बी नीट भेटन."

मी मान डोलावत होते आणि खात होते.

दारात सावली पडली. उंच, सडपातळ मुलगी, घामाने कपाळाला केस चिकटलेले, मागे डॉक्टर. त्यांनी तिला गल्लीतच गाठून रीतसर कळवलं होतं. पल्लवीला याआधी स्पर्धेच्या वेळी एकदा तपासलं होतं, त्यामुळे तिला सगळं माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ताटलीकडे.

"पल्लवी, बघ वं कोण आलं," शोभाताई उठत म्हणाल्या. "नोकरीच्या मॅडम."

"आई, ह्या नोकरीच्या नाहीत."

"मंग?"

"टेस्टच्या हायेत."

"कायच्या टेस्टच्या?"

शोभाताई माझ्याकडे वळल्या. मी ताटली खाली ठेवत होते.

अंगण

पल्लवी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, इथं नका ना घेऊ. सारे बघून राहिले. दुसरीकडे कुठं चला, दवाखान्यात नाहीतर तुमच्या हॉटेलात. मी तुमच्या नजरेसमोरच राहीन."

मागणी रास्त होती. गाडी दारात होती आणि ती माझ्या नजरेसमोर असती तर चालण्यासारखंही होतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "घरी सोय आहे ना? मग कशाला हलवाहलव? वाटेत काही गोंधळ झाला तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं." डॉक्टर वाईट माणूस नाहीत, कामाला चोख आहेत. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित मानलंही असतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

अंगणात तोवर सगळी रांग जमा झाली होती. नळावर बायका, ओट्यांवर पुरुष चहाचे कप घेऊन. नोकरीवाल्या मॅडम आल्याची बातमी शोभाताईंच्या आनंदाने आधीच सगळीकडे पोचवली होती. त्या सगळ्यांच्या देखत पल्लवी हातात प्लास्टिकचा कप घेऊन संडासाकडे चालली आणि तिच्या मागे मरून स्वेटर घातलेली मी. दोघी एकाच संडासात शिरलो आणि मी आतून कडी लावली.

आत काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. जागा इतकी कमी होती की माझी पाठ पत्र्याला टेकली होती आणि बाहेरच्या बायकांचं बोलणं कानाशी बोलल्यासारखं ऐकू येत होतं. पल्लवी डोळे मिटून बसली. घाम गाळून आलेली मुलगी, आणि भोवती ही गर्दी. काहीच होईना. "सॉरी मॅडम," ती म्हणाली. तिने मला सॉरी म्हणावं!

रिकामा कप घेऊन बाहेर आलो. सीलबंद बाटलीतलं पाणी ती प्यायली, आम्ही थोडी वाट बघितली, पुन्हा आत गेलो. पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडलं आणि हळूच तिला तिच्या शर्यतीबद्दल विचारलं, शेवटच्या फेरीत काय वाटतं म्हणून. ती डोळे मिटूनच सांगायला लागली, की पंच पायाकडे बघत असतात, पाय उचलला गेला तर बाद, त्यामुळे दमलेल्या पायांना धावावंसं वाटतं तेव्हाच त्यांना धरून ठेवावं लागतं. बोलता बोलता जमलं.

बाहेर आलो तेव्हा कप तिच्या हातात होता. तो तिनेच धरायचा असतो, आम्ही हात लावायचा नसतो. कपावर झाकण होतं, पण कप आरपार दिसणारा. नळावरच्या दोघींनी कपाकडे बघितलं आणि आम्ही चार पावलं पुढे गेल्यावर मागून आवाज आला.

"दिवस गेले का वं पोट्टीले?"

"नाहीतर काय! म्हणूनच डाक्टर संग आणला."

पल्लवीची पावलं अडखळली. मी ऐकलं हे तिला कळलं आणि तिने ऐकलं हे मला. खोलीत जाऊन तिने स्वतःच्या हाताने दोन बाटल्यांत नमुना ओतला, झाकणं फिरवली, सही केली. एक थेंबही सांडला नाही. शोभाताई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं असणार. दार उघडंच होतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "बाहेर भलतंच बोलतायत. आपण त्यांना सांगू या का?"

"ताई, आपण यात पडायचं नाही. खेळाडूची माहिती आपण बाहेर सांगू शकत नाही. काम झालं, निघू." ते पेटी उचलून बाहेर पडले. मीही चपला घातल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला मनातून हायसं वाटलं होतं. नियमच आहे म्हटल्यावर माझ्या हातात काय होतं!

अंगणात आलो आणि एक मोटरसायकल आत शिरली. अंगात कंपनीचा निळा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र तसंच. पल्लवीचे वडील. सुट्टी टाकून आले होते आणि हँडलला पेढ्यांच्या खोक्याची पिशवी लटकत होती. गाडी धड स्टँडवर लावायच्या आधीच त्यांनी आम्हाला हात जोडले.

"जय भीम साहेब, जय भीम मॅडम. उशीर झाला जी, माफ करा. झालं का नोकरीचं?"

नळाजवळची एक बाई म्हणाली, "गजभिये भाऊ, नोकरीचं मंग विचारा. आधी पोट्टीले विचारा."

गजभियेभाऊंना काही समजेना. ते हसऱ्या चेहऱ्यानेच मुलीकडे वळले. पल्लवी दारात उभी होती. ती माझ्याशी बोलली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"मॅडम, तुमी सांगा. माझी परवानगी हाय. मी सांगतलं तर कोणी मानत नाही."

डॉक्टर गाडीपाशी थांबले. मी अंगणाच्या मधोमध. आयुष्यात मी शेकडो माणसांसमोर पळाले, पण सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि मला पळता येत नव्हतं असं तिथेच झालं.

"मी खेळाच्या तपासणीसाठी आले," मी म्हटलं. "चांगल्या खेळाडूंची तपासणी होते. त्यांनी ताकदीची औषधं घेतली नाहीत ना, ते बघायला. त्यासाठी मी... त्यांची लघवी न्यायला येते."

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. सगळे तिला मथुराबाई म्हणत होते. तिने कानाला हात लावला. "काय न्यायले आली?"

"लघवी."

"आँ?"

"लघवी!" मी ओरडले. गोदामातला हमालही वळून बघायला लागला.

"मूत?"

"हो."

"कुठून आली तू?"

"सांगलीहून."

मथुराबाईने माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "काहून वं? तिकडं भेटत नाही का?"

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग नळावरच्या बायका, मग ओट्यावरचे पुरुष. सगळं अंगण हसलं. डॉक्टरांनी गाडीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. आणि पल्लवी. ती दाराला धरून, पोटावर हात ठेवून हसत होती. मी तशीच उभी राहिले. कान तापले होते. पण सकाळपासून सगळ्यांच्या नजरा त्या मुलीवर होत्या, आता त्या माझ्यावर आल्या होत्या, आणि त्या माझ्यावरच असायला हव्या होत्या.

हसू ओसरल्यावर मी उरलेलं सांगितलं. की हिच्यावर कुणाचा संशय नाही. की देशात ज्यांचं नाव होतं त्यांच्याच घरी आम्ही जातो, साध्यासुध्या खेळाडूंना कुणी विचारत नाही. मथुराबाईला शेजारणीने ते कानात पुन्हा सांगितलं.

"म्हणजे," म्हातारी सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "आपल्या पोट्टीचं मूत सरकार नेते. तुमचं नेते का कोणी?"

ती दिवस गेल्याचं बोलणारी बाई बादली उचलून निघून गेली.

गजभियेभाऊ इतका वेळ मोटरसायकलला टेकून ऐकत होते. त्यांनी एकदाच विचारलं, "मंग भरतीचं काही नाही?" मी नाही म्हटलं. जे सकाळी दारात म्हणायला हवं होतं ते तेव्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली, हँडलची पिशवी काढली, खोकं उघडलं आणि पहिल्यांदा मथुराबाईसमोर धरलं.

"पेढे कायचे गा?" तिने विचारलं.

"तपासणीचे," ते म्हणाले. "घ्या. पल्लवीची सरकारी तपासणी झाली, त्याचे."

मग ते एकेका ओट्याकडे गेले. मी दाराशी शोभाताईंजवळ आले. त्या हसल्या नव्हत्या. मला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून म्हटलं, "शोभाताई, मी तुमच्या घरचे पोहे खाल्ले. खायला नको होते."

"पोह्याचं काय हाय जी. तुमी नोकरीचं नाही म्हणल्या असत्या तरी देल्लेच असते. घरी आलेल्या माणसाले काय तसंच पाठवते कोणी?" त्या नवऱ्याकडे बघत होत्या. ते निळा युनिफॉर्म घालून नळापाशी एका पोराच्या हातावर पेढा ठेवत होते. "फक्त ह्यायले फोन नसता केला."

मी "चुकले" म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या आत गेल्या, खाटेवरची नवी चादर काढली आणि तिची घडी घालायला लागल्या.

गजभियेभाऊ खोकं घेऊन फिरत फिरत शेवटी माझ्यापर्यंत आले. "घ्या ना मॅडम," ते म्हणाले, आणि वाट बघत उभे राहिले. डॉक्टरांनी गाडीतून हाक मारली. मी एक पेढा घेतला आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, तो संपेपर्यंत उभी राहिले.